शागीर्दाची मजुरी : शिकवणे आणि राबवून घेणे यांतील सीमारेषा

अल्लाहच्या नावाने, जो अत्यंत कृपाशील व दयावान आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे वसलेला आमचा झरी जामणी तालुका मुख्यतः कापूस पिकवणारा. अलीकडच्या काळात मुकुटबन परिसरात कोळसा आणि सिमेंटचे उद्योगही आले. तरीही दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलाचे काय करावे, हा प्रश्न घराघरांत तसाच आहे. शेती असेल तर तो शेतावर जातो. शेती नसेल तर वडील त्याला एखाद्या ओळखीच्या उस्तादाकडे नेतात. दुचाकीचे गॅरेज, शिलाईचे दुकान, वेल्डिंग, फर्निचर, वायरिंग, बेकरी असे आपल्या समाजातील हे नेहमीचे हुन्नर आहेत. तेथे वडिलांच्या तोंडी ठरलेले वाक्य असते : पोराला हाताखाली घ्या, पैशाचे पाहू नंतर. उस्तादही म्हणतो : आधी शिकू द्या, मग बघू.

या ‘मग बघू’मध्ये एक-दोन वर्षे निघून जातात. मुलगा सकाळी दुकान झाडतो, चहा आणतो, पंक्चर काढतो, काजे-बटण करतो आणि संध्याकाळी शटर ओढतो. शुक्रवारी त्याच्या हातावर काही नोटा ठेवल्या जातात. त्या किती असाव्यात हे कधी ठरलेले नसते, आणि त्यांना मजुरी न म्हणता ‘खर्ची’ म्हटले जाते. ही खर्ची उस्तादाची कृपा आहे की शागीर्दाचा हक्क? शिकणाऱ्याला मजुरी देणे लागते का? लागत असेल तर किमान किती? या लेखात हा प्रश्न कुरआन, हदीस, फिकह आणि देशाचा कायदा यांच्या प्रकाशात क्रमाने पाहू.

शब्दांत दडलेला अर्थ

मराठी भाषेने या विषयाचे काही शब्द अरबी-फारसीतूनच घेतले आहेत. ‘उमेद’ म्हणजे आशा. उमेद बाळगणारा तो उमेदवार. जुन्या काळी कचेरीत बिनपगारी काम शिकणाऱ्याला मराठीत उमेदवार म्हणत, आणि त्या काळाला उमेदवारीचा काळ. आज ना उद्या नोकरी मिळेल या आशेवर तो राबत असे. दुसरा शब्द ‘बिगार’. मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम म्हणजे बिगार. त्यातूनच मराठीत वेठबिगार हा जोडशब्द रूढ झाला. उमेदवारी आणि बिगारी या दोन्ही शब्दांत मोबदला नाही, तरी त्यांच्यात अंतर आहे. पहिल्यात उद्याची आशा आहे आणि कोणीतरी शिकवतो आहे. ती आशा खोटी ठरली आणि शिकवणे थांबले की उमेदवारीची बिगारी होते. हे अंतर राखायचे कसे, हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

ह. मूसा (अ.स.) : मजूर आणि शागीर्द

पवित्र कुरआनात ह. मूसा (अ.स.) हे दोन वेगवेगळ्या प्रसंगी दोन भूमिकांत दिसतात. एका ठिकाणी ते मजूर आहेत, दुसऱ्या ठिकाणी शिकणारे.

पहिला प्रसंग सूरह अल-कसस (28), आयत 23 ते 28 मधील आहे. इजिप्तमधून निघालेले ह. मूसा (अ.स.) मदयनला पोहोचतात. पाणवठ्यावर दोन मुली आपली जनावरे घेऊन बाजूला थांबलेल्या असतात. ते त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात आणि काही न मागता सावलीत जाऊन बसतात. थोड्या वेळाने त्यांतील एक मुलगी लाजत येते आणि सांगते की, आमच्यासाठी पाणी पाजल्याचा मोबदला देण्यासाठी वडिलांनी आपणास बोलावले आहे. येथे क्षणभर थांबून विचार करावा. मोबदला मागितलेला नव्हता, ठरलेलाही नव्हता. केलेले काम परोपकाराचे होते. तरीही त्या वयोवृद्ध सद्गृहस्थाने परक्या, निराधार तरुणाचे श्रम फुकट ठेवून घेतले नाहीत.

यानंतर मुलगी सुचवते की यांना कामावर ठेवा, कारण सशक्त आणि विश्वासू माणूसच कामाला उत्तम. मग करार होतो. मुदत आठ वर्षांची. दहा पूर्ण केली तर ती मूसा (अ.स.) यांची मर्जी. मोबदलाही स्पष्ट सांगितला जातो. आणि काम देणारा स्वतःहून म्हणतो की मी तुमच्यावर जड ओझे टाकू इच्छित नाही. ह. मूसा (अ.स.) अट मान्य करतात, दोन्हींपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी आपल्यावर जबरदस्ती होऊ नये असे सांगतात आणि अल्लाहला साक्षी ठेवतात. मुदत, मोबदला, ओझ्याची मर्यादा आणि साक्ष, असे कराराचे चारही खांब येथे उभे आहेत. सहीह बुखारीत ह. इब्ने अब्बास (रजि.) यांचे म्हणणे आले आहे की, ह. मूसा (अ.स.) यांनी दोहोंपैकी दीर्घ मुदत पूर्ण केली.

दुसरा प्रसंग सूरह अल-कहफ (18), आयत 65 ते 82 मधील आहे. येथे ह. मूसा (अ.स.) ज्ञान मिळवण्यासाठी अल्लाहच्या एका विशेष दासामागे चालतात. हदीसमध्ये त्यांचे नाव ह. खिज्र आले आहे. येथे मजुरीचा करार नाही. शिकवणारा अट घालतो आणि शिकणारा ती स्वीकारतो. पुढे एका वस्तीत दोघांना जेवण नाकारले जाते. तरी तेथील पडायला आलेली भिंत ह. खिज्र सावरतात. तेव्हा मूसा (अ.स.) म्हणतात की, आपली इच्छा असती तर या कामाची मजुरी घेता आली असती. पुढे उलगडा होतो की ती भिंत दोन अनाथ मुलांची होती आणि तिच्याखाली त्यांचा ठेवा होता.

या दोन प्रसंगांतून एक सूत्र हाती येते. शिकणे ही एक गोष्ट आणि मजुरी ही दुसरी. शिकणारा ज्ञानासाठी अटी पाळतो, धीर धरतो. पण त्याच्या हातून दुसऱ्याचे काम होऊ लागले की मजुरीचा प्रश्न उभा राहतोच, आणि तो उभा करणे हा अदबीचा भंग ठरत नाही. भिंत फुकट बांधली गेली ती बांधणाऱ्याच्या इच्छेने आणि अनाथांच्या हितासाठी. श्रम दान करण्याचा अधिकार श्रम करणाऱ्याचा असतो. ज्याला त्या श्रमाचा लाभ होतो, त्याने ‘हे दानच समज’ असे परस्पर ठरवायचे नसते.

प्रेषितांची (स.) शिकवण

मजुरीविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीतील काही गोष्टी आपल्याला पाठ असतात, मात्र त्या शागीर्दाला लागू होतात हे ध्यानात येत नाही.

एक : मजुराला त्याची मजुरी घाम वाळण्याआधी द्यावी (इब्ने माजा). दोन : मजुराची मजुरी त्याला स्पष्ट सांगितल्याशिवाय त्याला कामावर ठेवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली (मुस्नद अहमद, ह. अबू सईद खुदरी यांच्याकडून). तीन : ज्या तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह फिर्यादी असेल, त्यांत तो माणूस आहे ज्याने मजूर ठेवला, त्याच्याकडून काम पुरे करून घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही (बुखारी, ह. अबू हुरैरा यांच्याकडून). येथे ‘काम पुरे करून घेतले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मजुरी काम झाल्याने लागू होते. करणाऱ्याला आपण मजूर म्हणतो की शागीर्द, याने तीत फरक पडत नाही.

चार : हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत. स्वतः खाता ते त्यांना खाऊ घाला, स्वतः नेसता तसे त्यांना नेसवा, झेपणार नाही असे काम लादू नका आणि लादलेच तर स्वतः हातभार लावा (बुखारी व मुस्लिम, ह. अबू जर यांच्याकडून). किमान मजुरी कशी मोजावी याचे माप येथे मिळते. माणसाची गरज हे ते माप आहे.

गुहेत अडकलेल्या तीन माणसांची हदीस तर मुलांनाही माहीत असते. त्यांतील एकाकडे एका मजुराची मजुरी, धान्याचे एक माप, राहून गेले होते. मजूर न घेताच निघून गेला. मालकाने ते धान्य पेरले, वाढवले, त्यातून गुरेढोरे झाली. बऱ्याच काळाने मजूर परतला तेव्हा सगळे त्याच्या हवाली केले (बुखारी व मुस्लिम). राहिलेली मजुरी ही अमानत आहे. ती मालकाच्या गल्ल्यात मिसळत नाही.

आणि उस्तादांसाठी खुद्द प्रेषितांचा (स.) नमुना आहे. ह. अनस (रजि.) सुमारे दहा वर्षांचे असताना त्यांच्या घरच्यांनी त्यांना प्रेषितांच्या (स.) सेवेत आणून सोडले. त्यांनी दहा वर्षे सेवा केली. ते सांगत की, या काळात प्रेषितांनी (स.) मला कधी ‘उफ्’ म्हटले नाही, किंवा अमुक का केलेस, तमुक का केले नाहीस असे विचारले नाही (बुखारी व मुस्लिम). शिव्या आणि पाना फेकून मारणे याशिवाय हुन्नर येत नाही असे मानणाऱ्या उस्तादांनी ही हदीस दुकानात लावून ठेवावी.

फिकहमध्ये शागीर्द

फुकहांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. हनफी फिकहवर आधारलेली उस्मानी साम्राज्यातील दिवाणी संहिता ‘मजल्ला’ 1869 ते 1876 या काळात तयार झाली. तिच्या इजारा म्हणजे भाडे व मजुरीच्या ग्रंथात आपल्या गॅरेजमधील परिस्थिती जणू समोर ठेवून लिहिलेली कलमे आहेत.

कलम 569 चा आशय असा : एखाद्याने आपला मुलगा हुन्नर शिकण्यासाठी उस्तादाकडे सोपवला आणि दोघांपैकी कोणीही मोबदल्याची अट घातली नाही. मुलगा शिकून तयार झाल्यावर एकाने दुसऱ्याकडे मोबदला मागितला, तर त्या गावच्या रूढीप्रमाणे निकाल द्यावा. यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, मोबदला दोन्ही दिशांनी असू शकतो. काही हुन्नरांत शिकवणाऱ्याचा वेळ व माल इतका खर्च होतो की शिकणाऱ्यानेच द्यावे, अशी रूढी असते. काहींत शिकणाऱ्याचे श्रम जास्त कामी येतात, म्हणून उस्तादाने द्यावे अशी रूढी असते. दुसरी, काही ठरले नव्हते म्हणून काहीच देणे नाही, असे फिकह म्हणत नाही.

कलम 564 याहून बोलके आहे. कोणी म्हणाला, हे काम कर, मी तुला खूश करीन, पण किती ते सांगितले नाही, आणि दुसऱ्याने ते काम केले, तर तो ‘अज्रे मिस्ल’चा हक्कदार होतो. अज्रे मिस्ल म्हणजे तशाच कामाला, तशाच माणसाला, त्या ठिकाणी जी मजुरी मिळते ती. आमच्याकडील ‘मग बघू’ आणि ‘दिवाळीला, ईदला खूश करून टाकू’ यांना फिकहने दिलेले हे उत्तर आहे. मालकाच्या मर्जीच्या जागी बाजारातील न्याय्य दर येतो.

येथे एक रास्त शंका निघते. शिकवणे हीच मजुरी, असे ठरवता येणार नाही का? हनफी फिकहमध्ये दोन भिन्न प्रकारच्या लाभांची अदलाबदल करता येते, पण दोन्ही बाजू ज्ञात असल्या पाहिजेत. किती महिने, कोणते काम, त्या बदल्यात नेमके काय शिकवणार, हे ठरले पाहिजे. इंजिन उघडून जोडण्यापर्यंत सहा महिन्यांत शिकवीन, असे उस्तादाने सांगितले तर ती बोली झाली. पण ‘राहील तसे शिकेल’ ही बोली नव्हे. त्यात मोबदला अज्ञात आहे, आणि अज्ञात मोबदल्यावरील इजारा सदोष ठरतो.

शासनाने दर ठरवावा का?

काही बांधव विचारतात की मजुरी हा दोघांच्या राजीखुशीचा मामला आहे. शासनाने मध्ये का पडावे? प्रेषितांच्या (स.) काळी भाव वाढले तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मानली नाही, ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजीत आहे. तिचे कारणही हदीसमध्येच आहे : कोणाच्या जीवित-वित्ताबाबत आपल्याकडून अन्याय होऊ नये. म्हणजे मूळ हेतू अन्याय टाळणे हा आहे. म्हणूनच व्यापारी उघड अतिरेक करू लागले आणि लोकांचे हक्क वाचवण्याचा दुसरा मार्ग उरला नाही, तर जाणकारांच्या सल्ल्याने भाव बांधून देण्यास हनफी फुकहांनी मान्यता दिली. इमाम इब्ने तैमिया (मृत्यू 1328) यांनी ‘हिस्बा’वरील ग्रंथात हाच विचार मजुरीला लावला. शेती, विणकाम, बांधकाम अशा लोकांच्या गरजेच्या कामांत सत्ताधीशाने अज्रे मिस्ल ठरवून द्यावा, जेणेकरून कारागीर अवाजवी मागणार नाही आणि काम देणारा त्याला कमी देऊन जुलूम करणार नाही.

सोळा वर्षांचा मुलगा आणि गावातील एकुलता एक गॅरेजवाला यांच्यातील राजीखुशी समान नसते. मुलगा ‘हो’ म्हणतो कारण त्याला दुसरीकडे जाता येत नाही. अशा ठिकाणी किमान दराची रेषा आखणे हे अन्याय रोखणे आहे.

देशाचा कायदा काय सांगतो?

आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी असतो. म्हणून त्याला वेतन नव्हे, विद्यावेतन मिळते. पण ते मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. लेखी करार, त्याची नोंदणी आणि किमान विद्यावेतन बंधनकारक आहे. उमेदवाराचे वय किमान 14 हवे, धोकादायक उद्योगांत 18. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. मुकुटबन किंवा वणी भागातील मोठ्या उद्योगांकडे आपल्या तरुणांनी या हक्काच्या दाराने जावे.

किमान विद्यावेतन ठरवण्याची रीत मात्र बदलत गेली. 2014 मधील दुरुस्तीने ते राज्याच्या अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडले होते : पहिल्या वर्षी 70 टक्के, दुसऱ्या वर्षी 80, त्यानंतर 90. किमान वेतन वाढले की विद्यावेतन आपोआप वाढे. 2019 मध्ये ही जोड काढून ठरावीक रकमा आल्या. पाचवी ते नववी शिकलेल्यास महिना 5,000 रुपये, दहावी उत्तीर्णास 6,000, बारावी उत्तीर्णास 7,000, पदवीधरास 9,000. दुसऱ्या वर्षी 10 टक्के आणि तिसऱ्या वर्षी आणखी 15 टक्के वाढ. महागाई वाढत राहिली, रकमा तेथेच थांबल्या. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्या 36 टक्क्यांनी वाढवून 6,800 ते 12,300 रुपये कराव्यात, अशी शिफारस केली.

आता थोडा हिशेब मांडू. महिन्याचे 26 कामाचे दिवस धरले तर 5,000 रुपये म्हणजे दिवसाला सुमारे 192 रुपये. शिफारशीतील 6,800 धरले तरी सुमारे 261. 2025-26 या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. म्हणजे माती खणणाऱ्या हाताला जो दर, तोही शिकाऊ हाताला पूर्ण मिळत नाही. यावर कोणी म्हणेल की शिकाऊ मुलाला हुन्नरही मिळतो. ते खरे आहे, आणि दरातील हा फरक त्याचमुळे समर्थनीय ठरू शकतो. पण मग हुन्नर खरोखर मिळाला पाहिजे. शिकवणार म्हणून मजुरी कमी दिली आणि शिकवलेही नाही, तर दोन्हीकडून लूट झाली. सूरह अल-मुतफ्फिफीन (83) च्या सुरुवातीला घेताना माप पुरेपूर भरून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे. दिवसाचे दहा तास हेही एक मापच आहे.

येथे आपल्या दुकानदारांनी एक बाब नीट समजून घ्यावी. ‘कामगार नव्हे’ ही सवलत फक्त 1961 च्या कायद्याखाली करार झालेल्या उमेदवारासाठी आहे. नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून तेवढाच उमेदवार वगळला आहे. करार नाही, नोंदणी नाही, आणि मुलगा रोज दुकानात काम करतो, तर त्याला आपण शागीर्द म्हटल्याने कायदा त्याला शागीर्द मानत नाही. तो किमान वेतनाचा हक्कदार कर्मचारी ठरतो. आणि 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे तर गुन्हाच आहे. केवळ शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत स्वतःच्या कुटुंबाच्या बिनधोक व्यवसायात हातभार लावण्यास मुभा आहे.

छोट्या आस्थापनांसाठी सोयही आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल 1,500 रुपये महिना, इतका भाग केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या बँक खात्यात भरते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत 2024 पासून 18 ते 35 वयाच्या बारावी उत्तीर्णास 6,000, आयटीआय वा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये ठरले.

उस्तादाची बाजू

न्याय एकतर्फी नसतो. उस्तादाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. नवखा मुलगा कापड चुकीचे कापतो, नटाचे आटे घालवतो, गिऱ्हाईकाचा पार्ट तोडतो. त्याला समजावण्यात उस्तादाचा स्वतःचा वेळ जातो. आणि जरा हात बसला की मुलगा समोरच दुकान टाकतो किंवा नागपूर-हैदराबादचा रस्ता धरतो. या तक्रारी खोट्या नाहीत.

त्यांचे उत्तर मात्र मजुरी बुडवणे हे नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मजुरी कमी ठेवून पुढे ठरल्याप्रमाणे वाढवत नेणे, हे त्याचे उत्तर आहे. चुकीने झालेल्या मोडतोडीचे पैसे शागीर्दाच्या तुटपुंज्या रकमेतून कापणे योग्य नव्हे. त्याला ते काम आपणच दिले, देखरेखही आपलीच होती. जाणूनबुजून केलेले नुकसान वेगळे. आणि निघून जाण्याची भीती असेल तर मुदतीचा करार करावा. मुदत मान्य केलेल्या शागीर्दानेही ती पाळावी. कुरआनची आज्ञा आहे की करार पूर्ण करा (5:1). ह. मूसा (अ.स.) यांनी आठऐवजी दहा वर्षे पूर्ण केली, हा धडा शागीर्दासाठी आहे. कामावर वेळेत येणे, दुकानाचा माल व गिऱ्हाईकाची वस्तू सांभाळणे, गल्ल्याला हात न लावणे हीही अमानत आहे. सशक्त आणि विश्वासू हे दोन्ही गुण त्याच्याकडून अपेक्षित आहेत.

आई-वडिलांची जबाबदारी

पैशाचे पाहू नंतर, असे म्हणणारे वडील नम्रतेने बोलतात, पण मुलाचा हक्क सोडून देतात. हा हक्क त्यांचा नसतो. अज्ञान मुलाची कमाई ही मुलाची मालमत्ता आहे. वडील तिचे रक्षक असतात. ती त्याच्या गरजांवर खर्च करावी आणि उरलेली त्याच्यासाठी जपावी, असे हनफी फुकहांचे सांगणे आहे. मुलगा वयात आला असेल तर मजुरी थेट त्याच्या हाती किंवा खात्यात जावी. घरखर्चाला तो जे देईल ते त्याचे सत्कर्म. उस्तादाकडून परस्पर उचल घेऊन मुलाला फेडीसाठी राबत ठेवणे तर उघड अन्याय आहे.

वडिलांनी महिन्यातून एकदा दुकानात जाऊन विचारावे : या महिन्यात काय नवीन शिकवले? सहा महिन्यांनीही उत्तर झाडणे आणि चहा आणणे हेच असेल, तर तेथे शिक्षण चाललेले नाही.

कागदावर काय असावे?

सूरह अल-बकरा (2), आयत 282 मध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची आज्ञा आहे. लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असेही तेथे सांगितले आहे. ओळखीतला व्यवहार म्हणून तर तो आवर्जून लिहावा, म्हणजे ओळख टिकते. एका पानावर पुढील गोष्टी असाव्यात.

1. मुदत : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत.
2. शिकवण : कोणत्या टप्प्यात काय शिकवणार. उदाहरणार्थ शिलाईत पहिल्या टप्प्यात मशीन व सरळ शिलाई, दुसऱ्यात मापे व कापणी, तिसऱ्यात पूर्ण कपडा.
3. मजुरी : आकड्यात व अक्षरी, देण्याचा वार किंवा तारीख, आणि प्रत्येक टप्प्याला वाढ. कायद्याने ठरलेल्या किमान रकमेखाली नाही.
4. वेळ : कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, नमाजची, विशेषतः जुमाची सवड, परीक्षा देणाऱ्यास परीक्षेची रजा.
5. सुरक्षा : वेल्डिंगचा चश्मा, हातमोजे, विजेच्या कामात आवश्यक साधने उस्तादाने द्यावीत. कामावर इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोणाचा, हे लिहावे.
6. साक्षीदार दोन, आणि प्रत दोघांकडे.

मस्जिदीच्या जबाबदार मंडळींनी अशा कागदाचा कोरा नमुना तयार ठेवला, तर कोणालाही मागताना संकोच वाटणार नाही. जो उस्ताद स्वतःहून तो भरतो, त्याच्याकडे चांगली मुले येतील. मदयनच्या त्या सद्गृहस्थाने अटी स्वतः मांडल्या होत्या, निराधार तरुणाने त्या मागाव्यात याची वाट पाहिली नव्हती.

सारांश

शिकणे हे मजुरी नाकारण्याचे कारण नाही. ते फार तर मजुरी कमी असण्याचे कारण आहे, तेही शिकवणे खरोखर चालू असेल तोवर आणि ठरलेल्या मुदतीपुरते. मजुरी कामाआधी ठरवणे ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ठरवली नसेल तर अज्रे मिस्ल देणे लागते. आणि शासनाने आखलेली किमान रेषा अन्याय रोखण्यासाठी असल्याने ती पाळणे आपल्यावर आहे. त्या रेषेच्या वर किती द्यायचे, तेथे आपल्या एहसानची परीक्षा होते.

घरात चर्चेसाठी प्रश्न

1. ह. मूसा (अ.स.) यांनी मोबदला मागितला नव्हता, तरी तो का देण्यात आला?
2. आपल्या घरातील किंवा दुकानातील कोणाची मजुरी ‘मग बघू’वर राहिली आहे का? ती किती होते?
3. आपल्या मुलाने या महिन्यात उस्तादाकडे कोणते नवीन काम शिकले?
4. खर्ची आणि मजुरी यांत फरक काय? आपल्या शब्दांत सांगा.

हे अल्लाह, आमच्या हातांना हुन्नर दे आणि आमच्या मापांना पूर्णता दे. ज्यांचे श्रम आमच्याकडे बाकी आहेत, ते देऊन मोकळे होण्याची बुद्धी आम्हाला आजच दे, त्या दिवसाआधी जेव्हा फिर्यादी तू असशील. आमीन.